नांगरावर बुडालेली कंपनी

१७ एप्रिल २०१९ रोजी ‘कर्णिका’ हे जहाज पर्यटकांना घेऊन मुंबई बंदरातून पहिल्यांदा निघाले. नोव्हेंबर २०२० मध्ये तेच जहाज भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर भंगारवाल्यांच्या हाती पडले होते. मधले महिने एकोणीस. त्यांतले प्रवासी घेऊन हिंडण्याचे जेमतेम अकरा. जहाज चालवणारी कंपनी होती जलेश क्रूझेस, आणि भारतीय प्रवाशांसाठी भारतीयांनी काढलेली क्रूझ कंपनी म्हणून ती मोठ्या दिमाखात लोकांपुढे आली होती. तिचे काय झाले असे विचारले तर उत्तर एका शब्दात मिळते: कोविड. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. कोविडने जगातले प्रत्येक क्रूझ जहाज थांबवले. थांबलेले प्रत्येक जहाज मात्र भंगारात गेले नाही. जहाज थांबणे एक आणि कंपनी बुडणे दुसरे, आणि जलेशच्या बाबतीत या दुसऱ्या गोष्टीची मुळे साथीच्या किमान वर्षभर आधी रुजलेली दिसतात. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला या जहाजाशी काय देणेघेणे, असे वाटू शकेल. पण या कंपनीचा सगळा हिशेब ज्या गिऱ्हाइकावर बेतलेला होता, ते गिऱ्हाईक बरेचसे अशाच गावांत राहते.

मुंबईहून प्रवासी घेऊन दक्षिणेला जाणारी जहाजे मराठी माणसाला नवी नाहीत. कोकणची आगबोट कित्येक पिढ्यांनी पाहिली, मोगल लाइनच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी पणजीपर्यंत गेलेली माणसे आजही भेटतात. पण ती गरजेची वाहतूक होती. रस्ते धड नव्हते, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडले, आणि डेकवर वळकटी पसरून रात्र काढणाऱ्याला उतरायचे असायचे ते आपल्या गावच्या बंदरावर. क्रूझचा धंदा अगदी उलटा. तिथे पोहोचण्याला फारसे महत्त्व नाही, जहाजावर राहणे हाच विकायचा माल. हा माल मुंबईत विकायचे प्रयत्न जलेशच्या आधीही झाले. स्टार क्रूझेसने २००५ च्या सुमारास ‘सुपरस्टार लिब्रा’ आणली आणि काही हंगामांनंतर नेली. इटलीच्या कोस्टा कंपनीने डिसेंबर २०१६ पासून ‘निओक्लासिका’ मुंबईहून मालदीवकडे सोडली. चेन्नईहून २०११ मध्ये ‘ॲमेट मॅजेस्टी’ निघाली, तीही फार टिकली नाही. परदेशी कंपन्यांची चाल एकच होती: युरोपात थंडी पडली की रिकामे जहाज इकडे आणायचे, चार महिने चालवायचे आणि परत न्यायचे. त्यांना मुंबई हा एक हंगाम होता. जलेशला मुंबई हेच घर करायचे होते, आणि फरक इथूनच सुरू होतो.

जलेशमागे उभा होता सुभाष चंद्रांचा एस्सेल समूह. मराठी घरांना तो दोन नावांनी ठाऊक होता. एक गोराईचे एस्सेलवर्ल्ड, १९८९ चे. दुसरे झी, त्यातही १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालेली अल्फा मराठी, जी पुढे झी मराठी झाली आणि राज्याची सीमा न जुमानता छिंदवाड्याकडच्या मराठी घरांतही रोज संध्याकाळी लागू लागली. करमणूक कशी विकावी हे या समूहाला कोणी शिकवायला नको होते. झेन क्रूझेस या कंपनीमार्फत त्यांनी जहाज घेतले, जलेश हे तिचे बाजारातले नाव ठेवले, आणि क्रूझ धंद्यात मुरलेले युर्गेन बायलोम यांना प्रमुख नेमले. वेळही वाईट दिसत नव्हती. नितीन गडकरी जहाजवाहतूक खात्याचे मंत्री होते, क्रूझ पर्यटनावर त्यांचा जोर होता, आणि बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलची पायाभरणी जानेवारी २०१८ मध्ये झाली होती. (त्या टर्मिनलचे उद्घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला, सरकारी पायाभरणीवर विसंबून धंद्याचे वेळापत्रक आखू नये, हे कोणत्याही कंत्राटदाराने सांगितले असते.)

जहाज घेतले ते मोठे आणि नावाजलेले. इटलीतल्या मोनफाल्कोने इथल्या फिंकांतिएरीच्या गोदीत ते १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून पूर्ण झाले. त्याची बाह्यरेषा रेन्झो पियानो या ख्यातनाम वास्तुविशारदाने काढली होती; पुढून गोलाई घेत मागे जाणारा माथा पाहून लोकांना डॉल्फिन आठवे. सुमारे २४५ मीटर लांबी, सत्तर हजार टनांवर आकारमान, दोन हजारांच्या आसपास प्रवासी. पुढे जर्मनीत ते ‘आरोझा ब्लू’ झाले, मग ‘आयडाब्लू’, इंग्लंडमध्ये ‘ओशन व्हिलेज टू’, आणि २००९ पासून ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युएल’. ‘कर्णिका’ हे त्याचे सहावे नाव. क्रूझच्या दुनियेत जहाज असेच हातोहात खाली उतरत येते: श्रीमंत कंपनी नवे बांधते, जुने मधल्या फळीला विकते, मधली फळी आणखी खालच्या. खालच्या पायरीवर खरेदी स्वस्त पडते, चालवणे मात्र स्वस्त होत नाही. इंजिने जुनी, इंधन जास्त, दुरुस्तीचे सुटे भाग शोधून आणायचे, तपासण्या अधिक वेळा. त्यातच १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर जगभर नवी मर्यादा आली, ती साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर, आणि महागडे तेल जाळणे भाग पडले.

त्याहून अवघड प्रश्न हंगामाचा होता. पश्चिम किनाऱ्यावर जूनपासून समुद्र खवळतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीही होड्या ओढून ठेवतात. जुन्या आगबोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असत. पर्यटकाला तर पोटात ढवळणे नकोच असते. म्हणजे मुंबईत घर करणाऱ्या जहाजाने वर्षातले किमान चार महिने दुसरीकडे पोट भरायला हवे. जलेशने दुबईचा आधार घेतला आणि २०१९ मध्येच तिथून आखातात सफरी केल्या. पण आखातातला क्रूझचा खरा हंगामही हिवाळ्याचाच. उन्हाळ्यात तिथे डेकवर उभे राहवत नाही. मुंबईत जहाज भरते तेव्हाच दुबईतही भरते, आणि मुंबईत पाऊस असतो तेव्हा दुबई भट्टीसारखी तापलेली असते. एकापेक्षा अधिक जहाजे असलेली कंपनी अशा अडचणीला तोंड देऊ शकते. एक भूमध्य समुद्रात, एक कॅरिबियनमध्ये, एक आशियात, असे वाटून घेते. जलेशकडे जहाज एकच होते. आणखी जहाजे आणण्याचा मनसुबा जाहीर झाला होता, पण मनसुब्यावर पावसाळ्यातले पगार भागत नाहीत.

गिऱ्हाइकाच्या बाजूने मात्र कंपनीचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. देशाच्या आतल्या भागातल्या माणसाला समुद्राची काय हौस, हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. सौंसरचे उदाहरण घेऊन तो तपासता येतो. सौंसरहून नागपूर सुमारे ६५ किलोमीटर, तिथून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबई, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. पासपोर्ट नको, व्हिसा नको. तिकडच्या संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हिवाळ्याच्या तोंडाशी हातात येतात, मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चात. जहाजाचा हंगामही नेमका तोच. शिवाय या वर्गाला क्रूझ अपरिचित नव्हती. सहल कंपन्यांच्या सिंगापूर-मलेशियाच्या कार्यक्रमात जहाजावरच्या एक-दोन रात्री गेली कित्येक वर्षे असत, आणि पूर्वेकडच्या जहाजांच्या स्वयंपाकघरांत भारतीय जेवणाची सोय झाली ती अशा गिऱ्हाइकांमुळेच. जलेशने शाकाहारी आणि जैन जेवण, लग्नसमारंभ, तीन पिढ्यांचे एकत्र कुटुंब हे सगळे धरूनच आपली मांडणी केली होती. मागणी होती. तिचा आकार हा वेगळा प्रश्न. भारतीय पर्यटकाची रजा लहान, म्हणून सफरी दोन-तीन रात्रींच्या. आठवड्याला दोन सफरी आणि प्रत्येकीत दोन हजार माणसे धरली, हंगाम तीस आठवड्यांचा मानला, तर जहाज भरलेले ठेवायला एका हंगामात एक लाख वीस हजार प्रवासी लागतात. नव्या नावाला हे पहिल्या वर्षी साधत नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी साधले असते असे मानायला जागा आहे. म्हणजे मधली दोन-तीन वर्षे तोटा सोसणारा कोणी पाठीशी हवा. इथेच घोडे पेंड खाते.

तो पाठीराखा कोणत्या अवस्थेत होता ते तारखांवरून पाहावे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोलमडली आणि समभाग गहाण ठेवून कर्ज उचललेल्या सगळ्याच उद्योगपतींना घाम फुटला. २५ जानेवारी २०१९ रोजी झीच्या समभागाचा भाव एका दिवसात सुमारे पाव हिश्शाने कोसळला. त्याच संध्याकाळी सुभाष चंद्रांनी धनकोंची माफी मागणारे खुले पत्र काढले. पायाभूत सुविधांच्या धंद्यात आणि व्हिडिओकॉनची डीटूएच घेण्यात आपले चुकले, असे त्यात त्यांनी कबूल केले होते. धनकोंनी ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत सवलत दिली. ‘कर्णिका’ने पहिला भोंगा दिला तो या पत्रानंतर तीन महिन्यांच्या आत. जुलैअखेर झीचे ११ टक्के समभाग ४,२२४ कोटी रुपयांना इन्व्हेस्को ओपनहायमरला विकले गेले, नोव्हेंबरात आणखी साडेसोळा टक्के विकावे लागले, आणि चंद्रांनी झीचे अध्यक्षपद सोडले. ज्या झीमुळे या समूहाला पत होती तिच्यात प्रवर्तकांचा वाटा आता पाचेक टक्क्यांवर आला होता. हे सगळे वुहानचे नाव कोणी ऐकण्यापूर्वीचे. क्रूझ कंपनी कागदोपत्री वेगळी होती, समूहाच्या कर्जाशी तिचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. कायद्याने तो युक्तिवाद बरोबर. पण नव्या कंपनीला उधारी मिळते ती तिच्या ताळेबंदावर नाही, मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर. तेल पुरवणारा, अन्नधान्य चढवणारा, बंदराची फी थकवू देणारा, सगळे त्या नावाकडे पाहतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वर सातशेहून अधिक माणसांना लागण झाली आणि क्रूझ जहाज म्हणजे तरंगता रोग अशी प्रतिमा जगभर पसरली. मार्चमध्ये भारतीय बंदरे क्रूझसाठी बंद झाली. ‘कर्णिका’ मुंबईसमोर नांगरावर गेली. थांबलेल्या जहाजाचा खर्च थांबत नाही, ही गोष्ट किनाऱ्यापासून दूरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. संत्र्याच्या बागेला बहार धरण्यासाठी ताण देतात. पाणी तोडले की पाने मलूल होतात, पण झाड मरत नाही, पुन्हा पाणी मिळाले की फुलते. जहाजाला असा ताण देता येत नाही. जनरेटर चोवीस तास चालू ठेवावे लागतात, कारण दिवे, आग विझवण्याचे पंप, सांडपाण्याची यंत्रणा, तळात झिरपणारे पाणी उपसणे, सगळे विजेवर. शेकडो खोल्यांतली हवा खेळती ठेवली नाही तर मुंबईच्या दमट हवेत गाद्या-पडद्यांना बुरशी धरते. उबदार पाण्यात उभ्या राहिलेल्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटते, आणि पुढे ते खरवडल्याशिवाय जहाज धड पळत नाही. किमान किती खलाशी हवेत हे नियम ठरवतात. त्यांचा पगार, जेवण, औषधपाणी आले. विम्याचा हप्ता आला, नांगरण्याची फी आली. खर्च तोडायचा म्हणून यंत्रे पूर्ण बंद करून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसे ठेवता येतात, पण मग जहाज पुन्हा जागे करायला काही महिने आणि वेगळी मोठी रक्कम लागते. आणि या सगळ्यावर, रद्द झालेल्या सफरींचे आगाऊ पैसे. क्रूझ कंपन्या आगाऊ तिकिटांच्या पैशावरच रोजचा व्यवहार चालवतात. सफरी थांबल्या की येणारे पैसे बंद होतात आणि घेतलेले परत द्यायचे होतात, दोन्ही एकाच आठवड्यात. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली होती. तेलवाल्याच्या बिलाला आणि खलाशाच्या पगाराला तशी सवलत कोणी देत नाही.

थकबाकी साचली की जहाजाचा कायदा कामाला लागतो. तो जमिनीवरच्या कायद्यापेक्षा निर्दय आहे, आणि त्यामागे कारण आहे: जहाज पळून जाऊ शकते. म्हणून देणेकरी कंपनीवर नाही, जहाजावरच दावा लावता येतो आणि न्यायालय जहाजालाच अटक करते. भारतात हे अधिकार ब्रिटिशकालीन कायद्यांत विखुरलेले होते. २०१७ च्या नौकाधिकरण कायद्याने ते एकत्र आणले आणि १ एप्रिल २०१८ पासून तो लागू झाला. पैसे वाटण्याची रांगही त्यात ठरलेली आहे. पहिला हक्क खलाशांच्या पगाराचा, मग जीवितहानी-इजेचा, मग बुडते जहाज वाचवणाऱ्यांचा, मग बंदराच्या देण्याचा, त्यानंतर जहाजामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा. गहाणदार सावकार त्याच्याही मागे. सफर न घडलेला प्रवासी आणि त्याचे पैसे भरून बसलेला एजंट अगदी शेपटाला. ‘कर्णिका’ मुंबई उच्च न्यायालयात अडकली, लिलावात निघाली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जलेशने गाशा गुंडाळला. साथीच्या मध्यावर तीस वर्षांच्या क्रूझ जहाजाला गिऱ्हाईक कोण? लोखंडाच्या वजनाने भाव करणारे. महिनाभरात जहाज अलंगला लागले.

आता मुख्य आक्षेप. त्या वर्षी दिग्गजही गुडघ्यावर आले, मग एका नवख्या कंपनीला दोष देणे हे पश्चातबुद्धीचे शहाणपण नाही का? दिग्गजांनी काय केले ते पाहू. कार्निव्हल या जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ कंपनीने एप्रिल २०२० मध्ये ४ अब्ज डॉलरचे रोखे साडेअकरा टक्के व्याजाने विकले. हे व्याज सावकारी म्हणावे असेच, पण तारण द्यायला तिच्याकडे जहाजे होती आणि ती जहाजे पुन्हा कमावतील यावर पैसेवाल्यांचा विश्वास होता. तिने वेळ विकत घेतला. ज्यांना तो विकत घेता आला नाही त्या मधल्या-धाकट्या कंपन्या त्याच उन्हाळ्यात गेल्या: स्पेनची पुलमंतूर जूनमध्ये, ब्रिटनची क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस जुलैमध्ये. या दुसऱ्या कंपनीची जहाजेही जुनी, हातोहात आलेली, न्यायालयाने लिलावात काढलेली, आणि त्यांतली काही शेवटी अलंगलाच आली. म्हणजे साथीने सगळ्यांना सारखे झोडपले खरे, पण कोण पडणार हे साथीने ठरवले नाही. ते ठरले होते प्रत्येकाच्या गंगाजळीवरून आणि पतीवरून. भारतात क्रूझ पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला. मार्च २०२० पासून मोजले तर दीड वर्ष. जलेश सात महिन्यांत संपली.

जहाज जुने होते, ते एरवीही फार चालले नसते, असाही एक बचाव ऐकू येतो. त्याला उत्तर द्यायला या जहाजाचे जुळे भावंडच हजर आहे. त्याच गोदीत, त्याच आराखड्यावर, एका वर्षाने ‘रीगल प्रिन्सेस’ बांधली गेली. तीही ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक डॉन’ म्हणून चालली आणि तीही २०२० मध्ये विक्रीला निघाली. ब्रिटनची ती बुडालेली कंपनी तिला घेणार होती, सौदा फिसकटला. मग बिटकॉइनवाल्या एका मंडळीने ती घेतली, ‘सातोशी’ असे नाव दिले आणि पनामाजवळ तरंगती वसाहत उभारायचे ठरवले. विमा कोणी देईना, तो बेतही बारगळला. इतक्या फजितीनंतर २०२१ मध्ये ॲम्बॅसेडर या नव्या ब्रिटिश कंपनीने तिला घेतले आणि एप्रिल २०२२ पासून ‘ॲम्बियन्स’ या नावाने ती लंडनजवळच्या टिलबरीहून प्रवासी नेऊ लागली. एक जुळे कापले गेले आणि दुसरे तिशी ओलांडून कामाला लागले, ते पोलादात फरक होता म्हणून नाही. एकाचा मालक साथीच्या आधीच कफल्लक झाला होता. दुसरे साथ ओसरताना, पडत्या भावात, ताजे भांडवल घेऊन आलेल्याच्या हाती लागले.

अधिक वजनदार आक्षेप असा, की दीड वर्ष बसून खाण्याएवढी गंगाजळी ठेवायची अट घातली तर नवा धंदा कोणी सुरूच करणार नाही. याला पूर्ण उत्तर देता येत नाही हे कबूल करायला हवे. लहानापासून सुरुवात करावी म्हणावे, तर ‘आंग्रिया’ समोर आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे हे जहाज ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झाले. पूर्वी ते टोकियोहून ओगासावारा बेटांकडे जाणारे जपानी प्रवासी जहाज होते, चारशेच्या आसपास प्रवाशांचे. मालक मराठी, आकार बेताचा, मार्ग लोकांच्या आठवणीतला, तरी साथीत तेही बंद पडले. म्हणजे लहान आकाराने खड्डा लहान होतो, भरून निघत नाही. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक नव्या कंपनीकडे दीड वर्षाची शिदोरी नसते, पण सहा महिने अडचण आली तर कोणाचे दार ठोठावायचे हे बहुतेकांना ठाऊक असते. जानेवारी २०१९ नंतर जलेशला तसे दार उरले नव्हते. तरीही एप्रिलमध्ये सत्तर हजार टनांचे जहाज पाण्यात उतरवले गेले, कारण ते आधीच विकत घेतलेले होते आणि मागे फिरणे म्हणजे समूहाची उरलीसुरली पत घालवणे होते. साथ आली नसती तर? कदाचित दोन हंगाम निघाले असते. २०२० च्या पावसाळ्यात रिकाम्या जहाजाचा खर्च कोणी भरला असता, हा प्रश्न मात्र साथीविनाही उभा राहिलाच असता.

पुढे जे घडले त्यावरून हे पडताळूनही पाहता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेस सुरू झाली, आणि तिच्या प्रमुखपदी होते तेच युर्गेन बायलोम. (देशाला कॉर्डेलियाचे नाव कळले ते पुढच्याच महिन्यात पडलेल्या अमली पदार्थविरोधी छाप्यामुळे, कोणत्याही जाहिरातीला एवढी प्रसिद्धी मिळाली नसती.) जहाज ‘एम्प्रेस’, बांधणीचे वर्ष १९९०, म्हणजे ‘कर्णिका’च्याच वयाचे. गिऱ्हाईक तेच, जेवण तेच, गोवा आणि लक्षद्वीपचा मार्ग तोच. बदलले ते हिशेबातले आकडे. जहाज साडेअठ्ठेचाळीस हजार टनांचे, पण प्रवासी जवळपास ‘कर्णिका’एवढेच. खरेदी साथीच्या मंदीतली. आणि पावसाळ्याचे कोडे दुबईऐवजी पूर्व किनाऱ्यावर सुटले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत बंगालच्या उपसागराची चेन्नईकडची बाजू त्यातल्या त्यात शांत असते, म्हणून २०२२ च्या जूनपासून जहाज तिकडे नेण्यात आले आणि २०२३ मध्ये श्रीलंकेपर्यंतच्या सफरी सुरू झाल्या. २०२५ मध्ये तिच्या मूळ कंपनीने, वॉटरवेज लेझर टुरिझमने, ७२७ कोटी रुपये उभारण्यासाठी सेबीकडे मसुदा दाखल केला, आणि आणखी दोन जहाजे, ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’, विकत न घेता भाड्याने घ्यायचे ठरवले. जलेशच्या अनुभवातून निघालेला हा पर्याय असावा असे वाटते. पण भाडेकरारात जहाजाची किंमत टळते, महिन्याचे भाडे टळत नाही. जहाज नांगरावर असले तरी ते द्यावेच लागते, आणि दोन जहाजे वाढली की ते तेवढे अधिक द्यावे लागते.